शिवेपार भाला

आमच्या गावात कुणीही नवी मोटरसायकल घेतली, की ती आधी आमच्या दारात येते. चाकाखाली लिंबं, हँडलला झेंडूचा हार. आमचे हे दाढी करून, मिशांना काळं लावून आधीच ओट्यावर येऊन बसलेले असतात. मग ते गाडीवर बसतात, एकदा हॉर्न वाजवतात आणि ती गाडी रस्त्यावर धावायला शुभ होते. मी याच गावच्या शाळेत जन्मभर शिकवलं. निम्म्या गावानं बाराखडी माझ्या हाताखाली गिरवली. गाडीच्या कागदांवर सही करता येते ती माझ्यामुळे, पण आजवर एकानंही मला म्हटलं नाही की बाई, तुम्हीही एकदा बसा गाडीवर.

हे सगळं कशासाठी, तर आमच्या ह्यांनी तरुणपणी भाला फेकला होता. विहीर खणली, पुरातून कुणाला काढलं, साप चावलेल्या माणसाला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं, असलं काही नाही. लांबलचक काठी हातात घ्यायची, पळत यायचं, ती जीव खाऊन फेकायची आणि कुठं पडली ते बघायचं. लग्न ठरताना मला हे सांगितलं तेव्हा मी आईला विचारलं होतं, मग ती परत आणायला कोण जातं? आईनं मला चिमटा काढला होता.

गाव परभणीकडच्या ताडकळसहून थोडं आत, काळ्या रानाचं. ह्यांच्या लहानपणी इथं खेळ म्हणजे एकच, कुस्ती. ह्यांनी लोहाराकडून बांबूला लोखंडी टोक बसवून घेतलं आणि नांगरलेल्या रानात फेकायला सुरुवात केली, तेव्हा याच गावानं त्यांना वेड्यात काढलं होतं. "हरणं माराया चाललास का रं?" म्हणणारे त्यातले काही जण अजून हयात आहेत. भाला धरायला पोराला आपणच शिकवलं, असं ते आता पाहुण्यांना सांगतात. माझे सासरे तर म्हणायचे, त्यापरीस गोफण घे, ज्वारीवरची पाखरं तरी उडतील.

पुढे परभणीला कॉलेजात खेळाच्या सरांनी ह्यांना पाहिलं आणि खरा भाला हातात दिला. मग विद्यापीठ, मग राज्य, मग एकदा देशपातळीवर तिसरा नंबर. खेळाडू म्हणून पोलिसात लागले. आणखी काही वर्षं फेकत राहिले. मग खांदा कुरकुरायला लागला, नवी पोरं पुढं गेली आणि ह्यांनी स्पर्धा सोडल्या. एवढीच काय ती कारकीर्द. चौथीच्या पोरांना निबंध लिहायला सांगितला असता तर अर्ध्या पानात संपला असता.

पण तिसरा नंबर गावाला काही पचला नाही. ह्यांच्या पुढचे दोघे कुठले कोण, त्यांना इथं कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा ते नसल्यातच जमा. "आमचे वस्ताद देशात पहिले," असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. वस्ताद हे नावही गावानंच दिलं. कुस्तीच्या पलीकडं काही पाहिलेलं नाही, त्यामुळं अंगात ताकद असलेला माणूस म्हणजे वस्ताद. सुरुवातीला हे दुरुस्त करायचे, "अरे, तिसरा आलो होतो मी." त्यावर पारावरचा एक म्हातारा म्हणाला होता, "तुमी गप ऱ्हावा वस्ताद, तुमाला काय ठावं?" तेव्हापासून हे गप्प राहिले. गप्प राहताना फार त्रास झाला असंही मला दिसलं नाही.

फेकही अशीच वाढत गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा भाला म्हणे मैदानाच्या टोकाला पडला होता. आमची थोरली शाळेत जायला लागली तोवर तो मैदानाची भिंत ओलांडून गेला. आता परवा ताडकळसच्या बाजारात एका वांगीवाल्यानं मला सांगितलं, की वस्तादांचा भाला त्या वेळी रस्त्यापल्याड एका ट्रकात जाऊन पडला आणि ट्रक नागपूरला गेला, म्हणून मोजता आला नाही, न्हाई तर पहिलाच नंबर होता. वांगीवाल्यानं वर मूठभर वांगी जास्त घातली. मी कोण हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणजे वस्तादांच्या घरची. माझं नाव विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

आता दसऱ्याचं सांगते, कारण खरा तमाशा तिथं आहे.

दसऱ्याला आमचं गाव हलगी वाजवत शिवेवर जातं. शेजारच्या गावाची आणि आमची शीव जिथं मिळते तिथं शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड आहे. तो ओलांडायचा, आपट्याची पानं घ्यायची आणि ते सोनं एकमेकांना द्यायचं, असं सगळीकडंच असतं. पण हे देशपातळीवर जाऊन आले त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की वस्तादांनी भाला शिवेपार टाकावा. म्हसोबाच्या अलीकडं, आमच्या बाजूला, बऱ्याच अंतरावर कडुलिंबाचं झाड आहे. हे तिथून पळत आले आणि भाला असा सुटला की म्हसोबावरून जाऊन शेजारच्या गावातल्या माणसाच्या तुरीत रुतला. त्या साली पीक बरं आलं. पाऊस वेळेवर झाला होता, म्हणून आलं. पण पावसाला शाल कशी द्यायची? मग श्रेय भाल्याला गेलं.

झाला नियम. तेव्हापासून भाला शिवेपार पडल्याशिवाय गावात कुणी सोनं लुटत नाही. भाला जिथं रुतेल तिथली चिमूटभर माती प्रत्येकानं उचलायची आणि आपल्या रानात नेऊन टाकायची. शिकलेली माणसं नेतात. शेती खात्यात नोकरी केलेला एक जण रुमालात बांधून नेतो, त्याला मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बिचारा तो तुरीवाला. फुलावर आलेली तूर दर दसऱ्याला अख्खं गाव तुडवून जातं आणि वर त्यालाच सांगतं, नशीबवान हाईस.

माणूस म्हातारा होतो, हे गावाच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, पण तोडगा त्यांनी गावासारखाच काढला. भाला कुठून फेकायचा ती रेघ चुन्यानं मारायचं काम पोलीस पाटलांकडं असतं. ती रेघ लिंबापासून निघाली आणि दर वर्षी थोडी थोडी म्हसोबाकडं सरकायला लागली. कुणी कुणाला विचारलं नाही, कुणी कुणाला सांगितलं नाही. भाला मात्र दर वर्षी शिवेपार. "वस्तादांचा हात हाय तसाच हाय," असं म्हणत माणसं माती उचलायची. मला हसू यायचं. गावात रस्त्याला खड्डा पडला तर बुजवायला पाच वर्षं लागतात, पण ही रेघ कशी वेळच्या वेळी पुढं यायची.

ह्यांना ते दिसत होतं का? लिंबाचं झाड काही चालत नाही. ते पाठीमागं लांब लांब जायला लागलं, हे न कळायला माणूस आंधळा पाहिजे. पण हे रेघेवर उभे राहायचे, कपाळाला माती लावायचे आणि फेकायचे. घरी आल्यावर मी खांद्याला तेल चोळायची आणि बोलायची. त्यांना माझ्या बोलण्याची सवय होती.

गेल्या वर्षी श्रावणात तो खांदा बोलायला लागला. रात्री कुशीवर वळता येईना, शर्टात हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. परभणीला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी आधी ह्यांच्यासोबत सेल्फी काढला, मग खांद्याचे फोटो काढायला पाठवलं. फोटो पाहिल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"काका, आतला स्नायू फाटत आलाय. थोडासाच चिकटून राहिलाय," ते म्हणाले. "दिवाळी झाली की ऑपरेशन करू, हात वाचेल. तोवर या हातानं भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. आणि भाला फेकलात तर तो तुटणार. मग मी काहीही केलं तरी हात छातीच्या वर येणार नाही. कायमचा."

मी विचारलं, "डॉक्टर, दसरा दिवाळीच्या आधी येतो, हे माहीत आहे ना तुम्हाला?" डॉक्टर याच जिल्ह्यातले. त्यांना माहीत होतं. त्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं आणि हे भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं पाहत बसले.

गावात आल्यावर मी सरळ पारावर गेले. बायका पारावर जात नाहीत, पण तिथं बसलेल्यांतले निम्मे माझ्या हाताखालून गेलेले, तेव्हा मला कोण काय म्हणणार. सगळं नीट समजावून सांगितलं, पाढे म्हणून घेतल्यासारखं. ह्यांचा हात जाईल, म्हणून यंदा भाला नाही.

सगळे हळहळले. लय वाईट झालं म्हणाले. मग एक जण म्हणाला, "वैनी, वर्साची एकच तर फेक हाय."

दुसऱ्यानं हळद आणि चुना लावायला सांगितलं. तिसरा म्हणाला, पाथरीकडं एक माणूस हाय, नुसता अंगठा दाबून खांदा बसवतो. सरपंचांनी घसा खाकरला. "बाई, तुमचं खरं हाय. पर भवतालच्या गावचे लोक यायलेत. त्यायला काय सांगावं?"

"त्यांना सांगा, वस्तादांचा हात मोडायचा नाहीये आम्हाला," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी फेकू द्या. एवढी जवान पोरं आहेत."

"अवं, शकून असा कुणाच्या बी हातचा ऱ्हातो का?" म्हाताऱ्यांपैकी एक जण माझी कीव करत म्हणाला. एवढं शिकून बाईला इतकं कळू नये, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मी उठले. तेव्हा पोलीस पाटील मागून आले आणि हळूच म्हणाले, "वैनी, तुमी फिकीर करू नका. आवंदा रेघ म्हसोबाला चिटकवूनच मारतो. वस्तादांनी नुसता हात ढिला सोडला तरी भाला पल्याड पडंल. डाव्या हातानं टाकला तरी चालंल." त्यांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता. एका म्हाताऱ्या माणसाचा हात वाचवायला अख्ख्या गावाला एवढंच सुचलं, की रेघ आणखी पुढं घेऊ.

घरी ह्यांना म्हणाले, "जाऊ नका. ताप आलाय म्हणून सांगते मी." हे म्हणाले, "जातो गं. नुसता उभा राहतो. लोक वाट बघायलेत." लोक वाट बघायलेत! जन्मभर हे एकच वाक्य ऐकलं मी. मीही जेवण वाढून कितीदा वाट बघितली, त्याला काही शकून नव्हता.

दसऱ्याला मी हट्टानं सोबत गेले. सोयाबीन निघालेलं होतं, रान मोकळं होतं. आमचं गाव तर होतंच, पण आजूबाजूची माणसंही गाड्या लावून उभी होती. हलगी कडकडत होती. पोलीस पाटलांनी शब्द पाळला होता. पांढरी रेघ म्हसोबाच्या इतकी जवळ होती, की तिथं उभं राहून हात लांब केला असता तर भाल्याचं टोक पलीकडच्या गावात गेलं असतं.

हे रेघेजवळ आले. खाली पाहिलं. मग वर पाहिलं, लोकांकडं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी एकाच वेळी नजर दुसरीकडं वळवली. कुणी हलगीवाल्याकडं बघतंय, कुणी आभाळाकडं. पोलीस पाटील तर चुन्याची पिशवी झटकत बसले. इतकी वर्षं जे कुणी बोललं नव्हतं ते त्या दिवशी न बोलताच सगळ्यांसमोर उघडं पडलं.

ह्यांनी चपला काढल्या. भाला उजव्या हातात घेतला आणि पाठ फिरवून चालायला लागले. आदल्या वर्षीची रेघ होती तिथून पुढं गेले, त्याच्या आधीची होती तिथूनही पुढं. लिंबाजवळ जाऊन थांबले आणि वळले. मग लोकांना कळलं आणि काय तो आरडाओरडा उठला! माणसं नाचायला लागली. मी "अहो, थांबा" म्हणून ओरडले, पण हलगीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. सरपंचांचा हात धरून हलवला, "त्यांना अडवा." सरपंच मोबाईल वर धरून शूटिंग करत होते. एक माणूस आडवा गेला नाही. ह्यांच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या त्या सगळ्या गर्दीतला एकही नाही.

हे पळत आले. खरं सांगते, त्या चार पावलांत ते म्हातारे दिसले नाहीत. अंग मागं गेलं, हात मागं गेला, आणि मग भाला सुटला तेव्हा त्यांच्या तोंडातून एक आवाज आला, तो जोर लावण्याचा नव्हता. भाला थोडा वर गेला, आडवा झाला आणि म्हसोबाच्या कितीतरी अलीकडं, सोयाबीनच्या धसकटात पडला. रुतलासुद्धा नाही. आणि त्यांचा हात अंगाशी लोंबत राहिला. स्नायू तुटला, हे कळायला मला डॉक्टर लागला नाही.

हलगी थांबली. मी पळत जाऊन त्यांना धरलं. पदर फाडून हात गळ्यात बांधायला लागले. तेवढ्यात पारावर माझी कीव करणारा तो म्हातारा काठी टेकत पडलेल्या भाल्याजवळ गेला, इकडंतिकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शीव इथंच हाय की! निजामाच्या वक्ताला शीव इथूनच होती. मोजणीवाल्यानं चुकिवली, म्हून म्हसोबा तिकडं गेला. माझा आजा सांगायचा."

दुसरा लगेच म्हणाला, त्याचाही आजा हेच सांगायचा. बघता बघता अख्ख्या गावाच्या आज्यांची एकमतानं साक्ष झाली. शेजारच्या गावाचा तुरीवाला यंदा तूर वाचली म्हणून खुशीत होता, पण आमच्या गावचा सोयाबीनवाला घाबरून विचारायला लागला, "मंग माजं रान कुण्या गावात गेलं?" भाला शिवेपार पडला होता. लोक वाकून माती उचलत होते.

मी त्या दिवशी शाळेत कधी वापरले नाहीत असे शब्द वापरले. कुणी ऐकले नाहीत, किंवा ऐकून घेतले.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सकाळीच घेऊन या म्हणून सांगितलं. संध्याकाळी हे ओट्यावर खुर्चीत बसले होते. मांडीवर उशी आणि उशीवर तो हात. मी दार लावून घेणार होते, पण हे म्हणाले, सणाचं दार लावू नको. आणि गाव सोनं घेऊन आलं. आमच्याकडं थोरला माणूस उजव्या हातानं सोनं देतो आणि तोच हात धाकट्याच्या डोक्यावर ठेवतो. डाव्या हातानं सोनं देत नाहीत, घेतही नाहीत.

पहिले पोलीस पाटील आले. त्यांनी पान पुढं केलं. ह्यांनी हात उचलायला बघितला. बोटं हलली, हात हलला नाही. डावा हात पुढं आला आणि तसाच मागं गेला. मग पाटील गुडघ्यावर बसले आणि उशीवर पडलेल्या त्या हाताखाली त्यांनी आपलं डोकं घातलं. ती बोटं स्वतःच्या हातानं धरून डोक्यावर ठेवून घेतली, आणि बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा तोंड पदराआड लपवावं तसं उपरण्यात लपवून निघून गेले.

त्यांच्यामागं सरपंच. मग पारावरचे. ह्यांच्यापेक्षा वयानं मोठा असलेला तो निजामवाला म्हातारासुद्धा काठी बाजूला ठेवून वाकला. एकामागून एक सगळं गाव खाली बसत होतं आणि त्या मेलेल्या हाताखाली डोकं सारत होतं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. एकेकाला ओट्यावरून ढकलून द्यावं इतका राग आला होता मला, आणि रडूही येत होतं, आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता.

शेवटचा माणूस गेल्यावर हे म्हणाले, "तुला सोनं द्यायचं राहिलं."

मी म्हणाले, "मी नाही वाकायची. मी काही तुमचं गाव नाही."

"नको वाकू," ते म्हणाले. "बस नुसती. सकाळपासून उभी आहेस."

पाय खरंच दुखत होते. मी खुर्चीजवळ खाली बसले, त्यांच्याकडं पाठ करून. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मनगटाला धरून उचलला असणार, कारण तो माझ्या डोक्यावर आला आणि नुसता पडून राहिला, दळणाच्या पिशवीसारखा जड. मी वाट बघितली. मग ते हळूच म्हणाले, "आता काढ गं तो, मला निघंना झालाय." मी दोन्ही हात वर केले आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावरून उचलून खाली ठेवला.